भिंतीपलीकडचा केरबानाना

केरबानाना गवंड्याचं तोंड मी बघितलं ते मागनं. त्याच्या आदी चार दीस आमी दोघं बोललो, पन मधी दीड हात रुंदीची मातीची भिंत व्हती. तो भाईर बोळात, मी आत बाळंतिनीच्या खोलीत. आता त्याचं तोंड इचारलं तर मला नीट सांगता यायचं न्हाई. आवाज मातूर तसाच्या तसा हाय. जड, जरा घोगरा, चुन्याच्या धुळीनं बसलेला.

लढाईचा काळ व्हता. मालक पलटनीत, कुठल्या मुलखात ते आमालाबी म्हाईत नव्हतं. घरात मी आन् सासू, आत्याबाई. माझं म्हायेर म्हसवडच्या पल्याड, मानदेशात. तिकडं एका हंड्यासाठी दीड कोस चालायचं आन् झऱ्यावर वाटीनं पानी भरत बसायचं. लगीन हून साताऱ्यात आले तर घराच्या मागनंच डोंगराचं पानी हौदाला जायाचं. बोळात जमिनीखाली खापराचे नळ पुरलेले, एकात एक घातलेले, राजाच्या वक्ताचे. हौदावर गेलं की घागर बुडवायची आन् उचलायची. मला ते खरंच वाटायचं न्हाई.

दिवाळीच्या सुमाराला मागच्या खोलीच्या भिंतीला खाली ओल दिसली. मी कुनाला सांगितलं न्हाई. आमच्या मुलखात नवस बोलूनबी हिरीला पानी लागत न्हाई, आन् हितं आपसूक भिंतीतनं येतंय. म्हनलं, ही लक्ष्मीच हाय, बोभाटा करून हाकलायची कशाला? सारवताना मी तिथं हळदकुकू लावायची. मला सातवा म्हयना व्हता. मानदेशातली पोर, दुसरं काय करनार?

पौषात मी त्याच खोलीत बाळंत झाले. मुलगा झाला. सहाव्या दिवशी आत्याबाईंनी बोळातला चिखुल बघितला आन् केरबानानाला बलवून आनलं. बाराव्या दिवशी बारसं, त्याच्या आत भिंत लिंपून चुना लावून पायजे, असं त्यांचं म्हननं.

नानाची तऱ्हाच न्यारी. आल्या आल्या भिंतीला हात लावला न्हाई. बोळात पहार उभी रोवली, वरल्या टोकाला कान लावला आन् हौदावरनं येनाऱ्या बायांवर वरडला, "गप बसा गं जरा! पानी बोलतंय, आयकू द्या."

"मग काय म्हनतंय पानी?" एकजनी खिदळली.

"म्हनतंय, ह्या बाया जाऊ द्या, मग सांगतो."

मी आतनं हासले. ते त्याला आयकू गेलं. भिंतीपाशी तोंड आनून म्हनला, "आत कोन हाय?"

"मी. बाळंतीन."

"झोप लागती का गं बाय?"

आत्याबाई सोडून सहा दिसांत मला आसं कुनी इचारलं नव्हतं. म्हनले, "लागती की."

आत यायची त्याला सोय नव्हती, बाळंतिनीच्या खोलीत परका गडी कसा येनार? म्हनून त्यानं माझ्याच हातानं भिंत बघितली. "शेगडीतला इझलेला कोळसा घे. ओल आज जिथवर हाय तिथं रेघ मार." मी मारली. "बाजंच्या कुठं येती?" म्हनले, खुराच्या वर, दांडीच्या खाली. "आता मूठ आपट. खनखन वाजतं का भद्द?" खाली भद्द, वर खनखन. "ऱ्हाऊ दे. उद्या परत."

मग म्हनला, "ही ओल कवापासनं हाय?"

मी म्हनले, "आत्ताच, आठ दिसांत."

आसं का म्हनले, ते मला अजून सांगता येत न्हाई. आत्याबाई दारातच व्हत्या.

नानाला उकरल्यावर नळाचा फुटका सांधा घावला, आमच्या भिंतीच्या पायाशीच. चुना, जवसाचं त्याल आन् कापूस कुटून त्याची कनीक करायची, ती सांध्यात ठासायची, की नळ पुन्ना शंभर वर्सं बोलत न्हाई, आसं तो म्हनायचा. पन वाहत्या पान्यावर ती बसत न्हाई. वरनं पानी तोडावं लागतं. पान्यावरचा मानूस म्हनला, संक्रांत झाल्याबिगर तोडता यायचं न्हाई, सगळी पेठ वरडंल. मग नाना बोळात चर मारून पानी जमंल तेवढं लांब काढत बसला. काम करता करता माझ्याशी बोलायचा.

"पान्याचा सोभाव सांगू? पाव्हना म्हनून येतंय आन् घरजावई हून बसतंय."

"मग घरजावयाला चूल फुकाया लावा, नाना."

"आता गं! मानदेशी दिसतीस. तोंड हाय तुला."

सातव्या दिवशी रेघ चार बोटं वर गेली. आत्याबाई बोळात जाऊन त्याला म्हनल्या, "केरब्या, तुला बोलाया आनलाय का चुना लावाया? पाव्हनं यायचं हायती."

"वल्या भितीला चुना लावायचा न्हाई, आक्का. पानी आतच कोंडतं. वरनं नवरीवानी दिसती आन् आतनं नुसता चिखुल."

"तुला करायचं नसंल तर दुसरा बघते."

"बघा. पन त्योबी चुना लावनार आसंल तर सुनंला आदी भाईर काढा."

आत्याबाईंचा आवाज चढला. "बारा दिसांच्या आत बाळंतीन वाऱ्याला काढली तर लेकरू हाताला लागत न्हाई. माझं एक तसंच गेलंय. तू मला शिकवू नगंस."

त्या गेल्या. नानानं कुदळ खाली ठेवली. मग भिंतीपाशी येऊन हळू म्हनला, जसं काय सोताशीच, "भित रडती तवर भ्या नसतं बाय. रडायची थांबली की भ्यावं."

आठव्या दिवशी त्यानं सांगलीचं सांगितलं. तिकडं त्याचं घर व्हतं. शेजाऱ्याच्या न्हानीचं पानी सामाईक भितीत मुरायचं. लेकीचं लगीन चार दिसांवर आलं, मांडव पडला, आन् ह्यानं ओल दिसू नये म्हनून भितीला चुन्याचा गिलावा केला. आरशावानी भित झाली. येनारा जानारा हात फिरवून बघायचा. हळदीच्या दिवशी बायकू तिथं पाठ लावून तांदूळ निवडत बसली व्हती. सगुना तिचं नाव.

"मानसं म्हनली, नशीब," नाना म्हनला. "माझ्या हाताचा गिलावा व्हता, बाय. मला म्हाईत व्हतं त्यात काय कोंडलंय. दुसऱ्याच्या भिती बघत हिंडनारा मी, घरची भित झाकली."

लेकरू अंगावर पीत व्हतं. मी त्या दिसाची रेघ मारली, ती बाजंच्या वर, माझ्या खांद्याइतकी. मूठ आपटली. सगळीकडं भद्द.

नवव्या दिवशी सकाळी भिंतीला हात लावला तर वर कोरडी लागली. मला वाटलं, बरं झालं, ओल हटली. तसं मी आनंदानं सांगितलं. भाईर कुदळ थांबली.

"खरं सांग लेकी," नाना म्हनला. "कवापासनं हाय ही ओल?"

आत्याबाई हौदावर गेल्या व्हत्या. मी म्हनले, "दिवाळीपासनं, नाना. मी कुनाला सांगितलं न्हाई. हळदकुकू लावत व्हते."

तो रागं भरला न्हाई. मी कान लावला तर त्याचा सुस्कारा तेवढा आयकू आला. आन् मग तो वरडला. तसा आवाज मी पुन्ना कुनाचा आयकला न्हाई. "भाईर ये! सगुने, भाईर ये गं! ऊठ तिथनं, सगुने!"

माझं नाव सगुना न्हाई. तरीबी मी उठले. लेकराला लुगड्यात घेतलं आन् दार उघडून निघाले.

जायाचं कुठं? घराला दोनच खोल्या. मला बाळंतपनाचं सुईर, तवा सैपाकाच्या, देवाच्या खोलीत पाऊल टाकायचं न्हाई. उरला गोठा. तिथं कुडाच्या फटीतनं पौषाचं वारं यायचं. आत्याबाई घागर घेऊन आल्या, मला गोठ्यात बघितलं आन् घागर तिथंच आपटली. मला बोलल्या, नानाला बोलल्या, माझ्या म्हायेराला बोलल्या. बोलत बोलत आत गेल्या, सोताचं घोंगडं आनलं आन् आमच्या अंगावर टाकलं. फटीत पोती कोंबली. शेगडी आनून ठेवली. तोंडाची शिवी काय थांबली न्हाई.

नानानं भाईरनं भितीला लाकडं लावली. पन दहाव्या दिवशी भर दुपारी ती आत बसली. मोठा आवाजबी झाला न्हाई. पोतं टाकल्यावानी झालं. गोठ्यातनं येऊन बघितलं तर बाज दिसत नव्हती.

आत्याबाईंनी ढिगाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आन् मटकन खाली बसल्या. मला वाटलं आता नानाला चार बरे शबुद बोलत्याल. पन त्याच दिवशी तिनीसांजंला लेकराच्या छातीत घरघर सुरू झाली. वव्याचा शेक दिला, वेखंड लावलं. अकराव्या दिवशी सकाळी ते गेलं. नाव ठेवायचं ऱ्हायलं व्हतं.

दोघंबी खरंच बोलली व्हती, नाना बी आन् आत्याबाई बी.

संक्रांत झाली, पानी तोडलं, नानानं सांधा ठासला. मग भित बांधाया घेतली. खाली कमरंइतका दगूड, वर माती. आठ-दहा दीस एकटाच राबला. भाकरी दिली तर उन्हात बसून खायाचा. तवा मी त्याला बघितलं. उंच मानूस, वाकलेला, भिवयांवर चुना. आमी दोघं एकमेकांशी बोललो न्हाई. मधी भित नव्हती ना, बोलता यीना.

शेवटच्या दिवशी आत्याबाईंनी त्याला आंगनात गाठलं. "केरब्या, तुझ्या पहारीला सगळं आयकू येतं न्हवं? मग सहाव्या दिवशीच का न्हाई म्हनलास, भित पडनार? म्हनला आसतास तर सैपाकाची खोली शेकून, दारं बांधून तयार केली आसती. सुईर-बिईर बघितलं नसतं मी. नववा दीस उजाडस्तवर कशाची वाट बघितलीस?"

मी दारात हुबी. त्यानं यकदाबी माझ्याकडं बघितलं न्हाई. दोनी हात जोडले आन् म्हनला, "माझा अंदाज चुकला, आक्का."

सांगलीचं त्यांच्याबी कानावर आलं व्हतं. "सांगलीला बायकू मारलीस, हितं माझा नातू."

"व्हय," म्हनला.

तो निघाला तशी मी घागर घेऊन हौदावर चाल्ल्यासारखं केलं आन् बोळात त्याला गाठलं. "नाना, तुमी सांगायचं व्हतं. मी खोटं बोलले म्हनून."

थैली खांद्यावर सारत तो म्हनला, "तुला ह्या घरात नांदायचं हाय, बाय. मी जानारा मानूस. जा, पानी भर."

सांगलीकडं गेला, पुन्ना आला न्हाई. दोन-तीन वर्सांनी कुनीतरी सांगितलं, केरबा गवंडी गेला म्हनून. मालक लढाईतनं परत आले, मला पुढं दोन लेकी झाल्या, त्या त्याच खोलीत वाढल्या. भित अजून जाग्यावर हाय.

आत्याबाई त्याच्या मागं वीस वर्सं जगल्या. पौष लागला की त्या नातवाची आठवन काढायच्या आन् केरब्याला शिव्या घालायच्या. मेला, मुडदा, माझं घर बुडवलं म्हनायच्या. शेवटाला दिसत नव्हतं, आयकू येत नव्हतं, तरी ते नाव तेवढं तोंडात व्हतं. मी भाकरी थापत असायची. यकदाबी मागं वळून त्यांना थांबवलं न्हाई.