वरची दोन वांगी

लाखनीच्या बाजारात आम्ही जिच्याकडून वांगी घेतो, ती शेतकरीण तोलून झाल्यावर दोन वांगी वरून टाकतेच. यंदा खत, फवारणी, ऑटोचं भाडं सगळंच महागलं, तसा वांग्यांचा भावही चढला. माझ्या पुढची बाई त्यावरून एवढी भांडली की मलाच तिचा राग आला. शेवटी शेतकरणीने मागितला तेवढाच भाव तिने दिला. पण वरची वांगी थैलीत पडताच ती काढून परत ढिगात ठेवली.

"तुलेच परवडत नाही, तं हे कायले देऊन राहिली?"

मी थक्क झालो. आता दोघी देण्यावरून भांडत होत्या! शेतकरणीने तीच वांगी पुन्हा थैलीत कोंबली.

"भाव खतानं वाढवला, बाई. माह्या हातानं नाही."