पोट आत!

ब्रश टेकवायच्या आधी तो स्वतःचं पोट आत ओढायचा आणि अक्षराला दम द्यायचा, "पोट आत घे!" आणि अक्षर ऐकायचं हो त्याचं! उंच, सडपातळ, सगळीकडं एकाच जाडीचं. शेपटी नाही, नक्षी नाही. भिवंडीतल्या निम्म्या शटरांवर ती अक्षरं होती. उरलेल्या निम्म्यांवर माझी. तुम्ही कधी नारपोलीतून गेला असाल तर त्याचीच लक्षात राहिली असतील.

मीही पेंटरच. माझी अक्षरं गोल, भरलेली, लाल सावली दिलेली. तो म्हणायचा, "भाऊ, तुझी अक्षरं लग्नात जेवून आलीत." सगळा नाका हसायचा. मीही हसायचो आणि घरी येऊन बायकोवर चिडायचो.

तिनं मग सूडच उगवला. लूमचा कारखाना आणि मोबाईलवाला यांच्या मधल्या फटीत तिनं दुकान टाकलं, 'संध्या ब्लाऊज व फॉल-पिको सेंटर'. बोर्ड अर्थातच मी आखायला घेतला. माझं 'संध्या ब्लाऊज'च मोबाईलवाल्याच्या भिंतीला टेकलं.

"फॉल-पिको काढून टाक," मी म्हणालो.

"अहो, पोट त्याच्यावरच भरायचंय!" ती म्हणाली, आणि सरळ त्याला बोलावून आली. नवरा पेंटर, आणि बोर्डाला परका माणूस! वर शिडी धरायला मी.

"जागा न्हाय म्हणून नाव कापायचा न्हाय," तो वरून म्हणाला. "उंच करायचा." अख्खं नाव एका ओळीत बसलं. बायको रस्त्यापलीकडं जाऊन बघत राहिली. माझ्या कुठल्या बोर्डाकडं तिनं असं बघितलं नव्हतं. जळलो मी, खोटं कशाला बोलू?

पुढं फ्लेक्स आले, दोघांचीही कामं गेली. मागल्या वर्षी तोही गेला. बायकोचा बोर्ड विटला होता. "रंग द्या," ती म्हणाली, "पण अक्षर तेच ठेवा हं." मी ब्रश लावला तर रेघ थरथरे. शेवटी पोट आत ओढलं, तेव्हा कुठं सरळ आली. अक्षरामागून अक्षर मी सगळी ओळ नव्यानं रंगवली.

परवा ठाण्याची एक मुलगी आली. त्याच्या बोर्डांचे फोटो काढून ती कॉम्प्युटरसाठी तसली अक्षरं बनवतेय. हॉटेलवाल्यांना, पोस्टरवाल्यांना आता जुन्या वळणाचंच हवंय म्हणे. आमच्या दुकानासमोर ती थबकली.

"हा सगळ्यात सुंदर. काय हात होता हो त्यांचा!"

बायकोनं मला कोपरानं ढोसलं. "सांगा ना तिला, तुम्ही रंगवलाय."

त्या ओळीवर त्याच्या हातचा एक थेंबही उरला नव्हता. आयुष्यभर ज्या कौतुकासाठी जळलो ते समोर उभं होतं. मी वर बघितलं. एकूण एक अक्षर पोट आत घेऊन उभं.

"त्याचंच आहे," मी म्हणालो. "मी नुसता रंग दिलाय."

मेला, तरी जिंकला तोच. फोटो नीट यावा म्हणून मी शटरपुढची शिडी उचलली आणि बाजूला झालो.