काट्याचं पान, बिनकाट्याचं पान

लालसिंग आडे गेल्याची बातमी त्याच्या मुलीने फोनवर दिली. "काका, बाबा सकाळी गेले. चहा अर्धाच राहिला," एवढंच ती बोलली. फुलसावंगीजवळच्या त्यांच्या तांड्यापर्यंतचा प्रवास आता माझ्या गुडघ्यांना झेपत नाही, म्हणून मी यवतमाळातच बसून राहिलो. पुढे त्याच्या माजी विद्यार्थ्यांनी शोकसभा घेतली आणि सर्वांत जुना सहकारी म्हणून मला अध्यक्ष केलं. एक विद्यार्थी, जो आता स्वतःच निवृत्त मुख्याध्यापक आहे, उठून म्हणाला, "आडे सर दरवर्षी पहिल्या तासाला दोन वाळलेल्या फांद्या दाखवायचे. म्हणायचे, पोरंहो, हे माह्या चुकीचं प्रदर्शन हाय. जे झाड जन्मात पाह्यलं नाई, त्याच्याबद्दल म्या तोंड उघडलं." सभा हसली, काहींनी डोळे पुसले. आपली चूक अशी उघडी मांडणारा मास्तर पुन्हा होणे नाही, असं तीन-चार जण बोलले. मी समारोप केला, हार घातला आणि घरी आलो. ती चूक त्याची नव्हती. त्या सभागृहात हे ठाऊक असलेला मी एकटाच होतो.

१९५६ साली आमचा जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला, त्याच सुमारास आम्ही दोघे कॉलेजच्या वनस्पतिशास्त्र विभागात लागलो. लालसिंग बंजारा. लहानपणी बैलगाडीच्या चाकाखाली आल्याने त्याचा डावा पाय अधू होता. "माह्ये आजे-पणजे बैलांवर मीठ लादून अर्धा मुलूख हिंडले," तो म्हणायचा, "अन् मी पहा, बस स्टँडावर जायचं तरी रिक्षा शोधतो." त्या वर्षी निवृत्त होऊन यवतमाळात राहायला आलेल्या एका वनाधिकाऱ्याने आपला खासगी संग्रह कॉलेजला दिला. उमेदीची वर्षं त्यांनी हिमालयात काढली होती. सागवानाच्या दोन कपाटांत जाड कागदांवर शिवलेल्या वाळक्या फांद्या आल्या आणि त्यांत निम्म्याहून अधिक फांद्या ओकच्या. आमच्याकडे साग, पळस, मोह, तेंदू... ओकचं झाड जिल्ह्यात शोधून सापडायचं नाही. प्राचार्य म्हणाले, कपाटं आहेत तशी राहू द्या. लालसिंगने मात्र किल्ली मागून घेतली.

ओक अनेक जातींचे. यातले काही कधीच पूर्ण निष्पर्ण होत नाहीत, थंडीतही हिरवे राहतात. त्यांची पानं वाळली की एकसारखी तपकिरी दिसतात. ओळख पटवायची तर पानाची खालची बाजू बघायची, तिथली लव पांढरी की गंजासारखी तांबूस, दाट की विरळ. लालसिंगची बोटं शेतकामाने राठ झालेली. तो पान अलगद उचलून खालच्या ओठाला लावायचा आणि डोळे मिटायचा. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी ओरडलोच, "अरे, कीड लागू नये म्हणून विष चोपडलंय त्याला."

"तुह्या बोलण्यापेक्षा कमीच असंल," तो म्हणाला आणि पुढचं पान उचललं.

वाळलेल्या नमुन्यांच्या कामात एक रीत आहे, तीही मला त्यानेच समजावली. नमुन्यावर आधीच्या माणसाने जी ओळख लिहिली असेल, ती चुकीची वाटली तरी फाडायची नाही, खोडायची नाही. आपलं मत वेगळ्या चिठ्ठीवर लिहून शेजारी चिकटवायचं, खाली नाव आणि तारीख. चूक आणि बरोबर एकाच कागदावर शेजारी शेजारी राहतात. लालसिंग आपली चिठ्ठी नेहमी थोडी वर चिकटवायचा. मी कारण विचारलं तर म्हणाला, "खाली जागा सोडावी लागते ना. आपल्यामागून येईल त्यालेही काही सांगायचं असंल."

दोन वर्षं तो त्या कपाटांशी बोलत होता असंच म्हणायला हवं. मग एका दुपारी त्याने मला हाक मारली. टेबलावर दोन गठ्ठे होते. वनाधिकाऱ्यांनी त्यांना दोन वेगळ्या जाती म्हणून लावलं होतं. एका गठ्ठ्यातल्या पानांच्या कडा करवतीसारख्या, टोकाटोकाला काटा. दुसऱ्यातली पानं मोठी, गुळगुळीत कडांची. कोणीही म्हणेल, दोन झाडं. "ओठाले लावून पाह्य," तो म्हणाला. लव दोन्हींची सारखीच, तांबूस. "आता हे पाह्य. काट्याच्या एका तरी फांदीवर फळ हाय का? तुरा हाय का? पुरा गठ्ठा चाळला म्या. फळं सारी बिनकाट्याच्या फांद्यांवर. येगळी जात असती तं हिचंही काही पोरबाळ दिसलं नसतं का?" मग त्याने काट्याच्या एका फांदीचं टोक भिंगाखाली धरलं. ते कोयत्याने कापलेलं नव्हतं, दाताने ओढून तोडलेलं होतं. "हे बकरीनं खाल्लं हाय. लहानपणी बकऱ्याच चारल्या म्या, हा घास मले कळते. आपल्याकडच्या बाभळीले लहानपणी केवढे काटे असतात अन् मोठी झाली का वर काटा बारीक होते. कायले पायजे वर? वर कोण खायले येते? मुकुंदा, हे एकच झाड हाय. बकरीचं तोंड पोचते तिथवर काट्याचं पान, त्याच्या वर साधं."

मी त्याच्याकडे बघतच राहिलो. फुलसावंगीपलीकडचा डोंगर न चढलेला माणूस, दोन वाळक्या गठ्ठ्यांतून हजार मैलांवरचं एक उभं झाड वाचत होता, त्याच्या बुंध्याशी चरणाऱ्या बकऱ्यांसकट. माझ्या अंगावर आलेला तो काटा आज लिहितानाही येतो.

पुढे नागपूरहून एक जाणकार गृहस्थ संग्रह बघायला आले. लालसिंगची चिठ्ठी वाचून त्यांनी विचारलं, "आडे, तुम्ही ओकचं झाड पाहिलंय?"

"नाही सर."

"मग हे कशावरून?"

"बकऱ्या पाहिल्या आहेत."

गृहस्थ हसले, पण माणूस चांगला होता. म्हणाले, एकाच फांदीवर दोन्ही पानं असलेला नमुना आणून दाखवा, मी स्वतः तुमच्या चिठ्ठीखाली सही करतो आणि हे छापायलाही पाठवतो. लालसिंगला त्या सहीचं फार वाटत होतं. तांड्यातून आलेल्या मास्तरला कपाटाची किल्ली कशाला, असं स्टाफरूममध्ये बोललं जायचं आणि ते त्याच्या कानावर जात असे.

१९६१ च्या उन्हाळ्यात विद्यार्थ्यांची सहल घेऊन मी गढवालला गेलो. त्याच्या पायाने ते होण्यासारखं नव्हतं. निघताना त्याने एकच सांगितलं, "बकरीच्या तोंडापासून वर हातभर पाहाजो. तिथं दोन्ही पानं भेटतील. अन् टीपकागद रोज बदलजो बाप्पा, ओलं राह्यलं तं पानं गळतात."

पोरं चहाच्या दुकानाशी थांबली आणि मी एकटा चढण चढून वर गेलो. मोठं, काळपट, दाट झाड होतं. खाली सगळी काटेरी पानं, बकऱ्यांनी कुरतडलेली. मान वर केली तर सगळी गुळगुळीत. आणि बरोबर त्या दोहोंच्या मध्ये, हात वर करून गाठावी लागेल अशा उंचीवर, एका फांदीच्या बुडाशी काटे होते आणि शेंड्याशी नव्हते. त्याने यवतमाळात टेबलाशी बसून सांगितलेली जागा... मी त्या झाडाखाली टोपी काढून उभा राहिलो. देवळातसुद्धा माझं असं झालेलं नाही.

फांदी तोडली, कागदांत दाबली. दोन दिवस नेमाने कागद बदलले. मग पाऊस आला, गाठोडं भिजलं, हरिद्वारला पोरांबरोबर गंगेवर हिंडण्यात आणि थकव्यात मी ते उघडलंच नाही. दिल्ली सोडल्यावर गाडीत उघडलं तेव्हा आत बुरशी होती. पानं काळी पडून एकूण एक गळाली होती. खाली काटेरी-बिनकाटेरी पानांचा चिखल आणि एक नागडी काडी. शेजारी पोरं पत्ते खेळत होती. मी सगळं खिडकीतून फेकून दिलं.

खरं सांगायचं असं मी मूर्तिजापूरपर्यंत ठरवलं होतं. पण यवतमाळच्या फलाटावर छोटी गाडी थांबली तेव्हा लालसिंग समोर उभा होता, लंगडत एवढ्या उन्हात आलेला, आणि त्याच्या काखेत कोऱ्या टीपकागदांचा गठ्ठा. "म्हटलं, प्रवासात ओले झाले असतील. इथंच बदलून टाकू." त्या कागदांकडे बघून माझी जीभ उलटली. म्हणालो, "नाही सापडली रे. काट्याची झाडं वेगळी, बिनकाट्याची वेगळी."

त्याने टीपकागदांचा गठ्ठा दुसऱ्या काखेत घेतला. मग म्हणाला, "बरं झालं तू जाऊन आला. नाही तं मी सगळ्या दुनियेले फसवलं असतं." दुसऱ्या दिवशी त्याने आपल्या चिठ्ठीशेजारी आपलीच दुसरी चिठ्ठी लावली, मत मागे घेतल्याची. आणि त्या जुलैपासून दरवर्षी तो नव्या वर्गाला ते दोन नमुने दाखवू लागला. पोरं हसायची, तोही हसायचा. मी बाजूला उभा राहून भिंगं पुसत असे. काही वर्षांनी एका ग्रंथात मला सगळं छापील सापडलं. खाली काटेरी, वर साधी, झाड एकच. जगाला ते आधीच ठाऊक होतं, पहाडातल्या गुराख्यांना तर पिढ्यान्‌पिढ्या. पण लालसिंगने ते कुणाला न विचारता काढलं होतं. तो ग्रंथ मी त्याच्यासमोर ठेवला नाही. ठेवला असता तर त्याने आधी विचारलं असतं, मग तू काय पाह्यलं होतं?

गेल्या हिवाळ्यात, गुडघे अजून साथ देत होते तेव्हा, त्याला भेटलो ते शेवटचं. अंगणात ऊन घेत बसला होता, कुंपणाशी नातवाच्या बकऱ्या बाभळीला तोंड लावत होत्या. बराच वेळ त्यांच्याकडे बघून म्हणाला, "ते ओकचं मले अजूनही पटत नाई बा, मुकुंदा."

"म्हातारा झालास."

"म्हातारा तं झालोच. पण बकरी खोटं कायले बोलंल?"

मी चहा संपवला आणि परतीची बस पकडली.

शोकसभेनंतर कॉलेजात गेलो. कपाटं आता जिन्याखाली आहेत, पण शिपायाने किल्ली शोधून दिली. काट्याचं पान मी ओठाला लावलं. लव अजून तशीच मऊ आहे. खिशातून चिठ्ठी काढली. 'दोन्ही पानं एकाच झाडाची. एकाच फांदीवर मी स्वतः पाहिली आहेत. आडे यांचं पहिलं मत बरोबर.' खाली नाव आणि तारीख. ज्या विद्यार्थ्यांनी त्या तासाला हसून घेतलं, ते कधी तिकडे गेले तर त्यांनी ती जरूर वाचावी. माझा हा लेख छापणारं वर्तमानपत्र रद्दीत जाईल, तो कागद राहील. चिकटवायला अडचण आली नाही. त्याच्या पहिल्या चिठ्ठीखाली त्याने जागा सोडलेली होती.