निरगुडी, सोयाबीन आणि काशीबाईंचे गुडघे

थिसिसमध्ये काय लिहायचं याचे कडक नियम असतात. काय लिहायचं नाही याचे नसतात, कारण ते लिहायची हिंमत कुणी करतच नाही! माझा थिसिस बाइंड होऊन कपाटात गेला आणि त्यात न मावलेलं सगळं माझ्या डोक्यात राहिलं. चहाला चार जण जमले की त्यातला एक किस्सा निघतो आणि त्याचं शेपूट धरून दुसरा येतो. तेव्हा म्हटलं, एकदा सांगूनच टाकावं.

आमची लॅब नांदेडच्या एका फार्मसी कॉलेजात. काम असं की निरगुडीच्या पाल्याचा अर्क काढायचा, तो चरबीच्या अतिसूक्ष्म पिशव्यांत भरायचा आणि त्या पिशव्यांचं दुखण्यावर लावायचं मलम करायचं. लॅबमध्ये मी, माझी देगलूरची मैत्रीण सायरा, आमचे गाईड डोंगरे सर आणि लॅब अटेंडंट गंगाधरमामा.

मामा लोह्याजवळच्या खेड्यातले. त्यांच्या बायकोचे, काशीबाईंचे, दोन्ही गुडघे कामातून गेलेले. ऑपरेशनची भीती, आणि गोळ्या घेतल्या की पोटात आग. खाली बसता येईना म्हणून शेतातली खुरपणी सुटली होती, आणि खुरपणी सुटलेली बाई गावात म्हातारीत जमा होते. काशीबाई होत्या जेमतेम पन्नाशीच्या! मामा रोज सकाळी लॅबचं कुलूप काढतानाच विचारायचे, "मॅडम, आमच्या मंडळीचा नंबर कव्हा?"

* * *

पहिल्याच आठवड्यात मी मामांना मोठ्या कौतुकानं आमचं काम समजावायला बसले. मामा म्हणाले, "निरगुडीचा पाला तव्यावर गरम करून आम्ही बांधतोच की. तुम्ही नवीन काय करून राहिले?"

मी फळ्यावर कातडीचं चित्र काढलं. वरच्या थरात चरबी असते, अर्क त्या थरावरच अडतो, म्हणून त्याला चरबीच्या पिशवीत घालून पाठवायचं... चांगली दहा मिनिटं माझं लेक्चर! मामांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजे कातडी बी चरबीची अन् पिशवी बी चरबीची. सोयऱ्याला दारात कोण अडवतंय?"

पुढे लातूरच्या कॉन्फरन्समध्ये माझ्या पोस्टरपुढे परीक्षक थांबले आणि म्हणाले, "थोडक्यात सांगा." मी मामांचं वाक्य जसंच्या तसं ठोकून दिलं. दुसरं बक्षीस मिळालं! पहिलं ज्याला मिळालं, त्याच्या पोस्टरमध्ये काय एवढं होतं ते मला अजून कळलेलं नाही.

* * *

पिशव्यांना जी चरबी लागते, लेसिथिन, ती सोयाबीनमधूनच निघते. पण आम्हाला हवी तेवढी शुद्ध मिळायला बाहेरून मागवावी लागायची. एकदा पार्सल कुठेतरी अडकलं आणि माझं डोकं फिरलं. इकडे लातूरपासून नांदेडपर्यंत जिकडे बघावं तिकडे सोयाबीन, आणि आम्ही कुरिअरवाल्याला फोन करून राहिलो!

मामांनी माझी बडबड ऐकली असावी. सोमवारी खांद्यावर पोतं घेऊन हजर.

"घरचं हाय. चाळून आणलंय. काढा ह्याच्यातून!"

ते शुद्ध करायची यंत्रणा आमच्याकडे नव्हती, पण हे त्यांना सांगणार कोण? सर पुढे झाले, पोत्यावर हात ठेवून गंभीरपणे म्हणाले, "मामा, हा आपला रिझर्व्ह स्टॉक." ते पोतं वर्षभर वजनकाट्याच्या टेबलाखाली होतं आणि मामा झाडू मारताना त्याच्याभोवती फार जपून मारायचे.

* * *

मलम कातडीतून पार होतं का, हे बघायला आम्ही बकऱ्याच्या कानाची कातडी वापरायचो. ती आणायला सायरा जात असेल असं सगळ्यांना वाटतं. सायराला मटणाच्या दुकानाचा वाससुद्धा सहन होत नाही. जायचे मी, माळकरी घरातली!

चार-पाच खेपा झाल्यावर दुकानातल्या चाचांना राहवेना. "बेटा, तुम खाली कान लेके जाते. घर में लोगां कित्ते हैं?"

"चाचा, खायला नाही. औषधाला."

"अच्छा! कान दुखता?"

"नाही, गुडघा."

चाचांनी माझ्याकडे बघितलं, हातातल्या कानाकडे बघितलं. मग कागदात एक कान जास्तीचा टाकला आणि म्हणाले, "भोत मुश्किल पढ़ाई है बेटा तुम्हारी!"

* * *

हा किस्सा हसण्यासारखा नाही, पण गाळला तर खोटं होईल.

मे महिना होता. लाइट येत-जात होती. आमचं तोवरचं सगळ्यात चांगलं जमलेलं मलम, अकरावी बॅच, फ्रिजच्या खालच्या कप्प्यात होती. पोरींचं मलम उन्हानं खराब व्हायला नको म्हणून मामांनी ती प्रेमानं उचलून बर्फाच्या कप्प्यात ठेवली. बर्फ झाला की त्या पिशव्या फुटतात. सकाळी वितळल्यावर बघते तर वर पाणी, खाली गाळ. तीन महिन्यांचं काम!

मी मामांना नाही नाही ते बोलले. काय बोलले ते लिहीत नाही, मला त्याची आजही लाज वाटते. मामा मान खाली घालून निघून गेले.

दुपारी सायरा म्हणाली, "तुझी डिग्री लांबली, कबूल. त्यांच्या घरातले गुडघेही तेवढेच लांबले ना? जास्त कोणाला लागलं असेल?"

मी माफी मागायला धावले. मामा मागच्या व्हरांड्यात वाळलेला पाला निवडत बसले होते. मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, "बाराव्या बॅचचा हाय, मॅडम. काड्या काढून ठेवून राहिलो."

बारावी बॅच टिकली. खालच्या कप्प्यात!

* * *

उंदरांवरच्या चाचण्या, समित्या, सह्या, परत समित्या, असं करत एकदाची माणसांवरच्या छोट्या चाचणीला परवानगी मिळाली. निम्म्यांना निरगुडीचं मलम, निम्म्यांना तसंच दिसणारं, तसाच वास येणारं साधं मलम. कोणाला काय दिलं ते आम्हालाही माहीत नाही. ट्यूबवर नुसते नंबर, आणि नंबरांची यादी प्राचार्यांच्या कपाटात, बंद लिफाफ्यात.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तपासून माणसं निवडली. त्यात काशीबाई बसल्या आणि त्यांची जाऊ सखूबाईही. डॉक्टरांनी संमतीचा कागद वाचून दाखवला आणि विचारलं, "सगळं समजलं का?"

"समजलं," काशीबाई म्हणाल्या. "गुण न्हाई आला तर तुमच्या नावानं बोटं मोडायची न्हाईत!"

काशीबाईंना सात नंबरची ट्यूब मिळाली, सखूबाईंना आठ नंबरची. सहा आठवडे मामांनी मला एकदाही काही विचारलं नाही. नियम होता ना! पण कुलूप काढताना ते माझ्या तोंडाकडे बघायचे, आणि मी बॅगेत काहीतरी शोधायचे.

शेवटची तपासणी आमच्या कॉलेजातच होती, सरही बसले होते. सगळ्यात शेवटी या दोघी आल्या. आधी काशीबाई.

"गुण आला का?"

"हाव! डाव्याला लई उतार हाय."

"आणि उजव्याला?"

"त्यो हाय तसाच."

डॉक्टरांनी लिहून घेतलं. मग सखूबाईंना आत बोलावलं. त्या म्हणाल्या, "डावा मोकळा झाला बघा. उजवा काई ऐकत न्हाई."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. दोघींना समोरासमोर बसवून मी विचारलं, "मलम दोन्ही गुडघ्यांना लावत होतात ना?"

"लावलं की!" काशीबाई म्हणाल्या. "आमच्या घरात काई बी आलं तरी दोघी जावांत वाटूनच होतंय. माझी ट्यूब दोघींच्या डाव्याला, हिची ट्यूब दोघींच्या उजव्याला. एकीला गुण यावा अन् दुसरीनं बघत बसावं, असं काहून?"

सरांनी डोक्याला हात लावला. एवढ्या समित्या, एवढे कागद, आणि या दोघींची नोंद आता बाद करावी लागणार होती! दारात मामा उभे होते, त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. मग सरांनी हळूच डोक्यावरचा हात काढला. आधी त्यांनी काशीबाईंच्या डाव्या गुडघ्याकडे बघितलं, मग सखूबाईंच्या. तसेच उठले आणि प्राचार्यांच्या केबिनमधून लिफाफा घेऊन आले. ते तो फोडायला लागले. आम्ही सगळे त्यांच्याभोवती गोळा.

"साहेब, ते पाकीट सावकाश फोडा," काशीबाई म्हणाल्या. "आधी आमच्या उजव्या गुडघ्यांसाठी सात नंबरच्या दोन ट्यूबा द्या!"