हाक आणि रिकामे ऐकणारे

दुपारी घरून काम करताना जावास्क्रिप्ट या संगणकाच्या भाषेत इव्हेंटची एक साधी व्यवस्था लिहीत होते. इव्हेंट म्हणजे एक हाक. ज्याला ती ऐकायची असेल त्याने आधी नाव नोंदवायचं, आणि हाक आली की आपण काय करणार तेही सांगून ठेवायचं. हाक मारणाऱ्याला मात्र पलीकडे कोण ऐकतंय ते ठाऊक नसतं.

तेवढ्यात वरच्या मजल्यावर भांडं आपटलं. मग तिथे राहणाऱ्या माणसाच्या शिव्या, भिंतीवर डोकं आदळल्याचा दणका आणि त्याच्या बायकोची, सुजाताची किंकाळी. शेजारच्या काकूंनी टीव्हीचा आवाज वाढवला. समोरच्यांनी दार लावून घेतलं.

"त्यांच्या घरातलं आहे. आपण कशाला पडा मध्ये?" माझा नवरा म्हणाला.

पडद्यावर माझ्या कोडची चाचणी पास झाली होती. हाक सगळ्या ऐकणाऱ्यांपर्यंत पोचली, चूक एकही नाही. पण ऐकल्यावर काय करायचं, ते मी कुणालाच अजून लिहून दिलं नव्हतं. रिकामा ऐकणारा यंत्राला चालतो. आमच्या इमारतीलाही वर्षानुवर्षं चालतोय.

वर पुन्हा दणका बसला. माझ्या अंगाची लाही लाही झाली. खलातला लोखंडी बत्ता उचलला, जिना चढले आणि त्या दारावर घाव घालत सुटले. लाकूड तडकलं, ढलप्या उडाल्या, माझा हात सोलला. तरी थांबले नाही.

तेव्हा कुठे खालची दारं धडाधड उघडली.

"अगं, केवढा हा आवाज!" काकू जिन्यातून ओरडल्या. "माणसं राहतात इथे!"