सव्वा एकची बोट

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलाला नाही. देवापुढंही नाही — देवापुढं उभा राहिलो की मी दुसरंच काहीतरी मागायला लागतो. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही बबनला ओळखत नाही.

बबन माझा धाकटा भाऊ. बोरी बुद्रुकला आमची वावरं बांधाला बांध लावून आहेत. तो शेती करतो आणि मी कालव्यावर नोकरी. कुणाच्या रानाला किती वाजता पाणी सोडायचं आणि किती वाजता तोडायचं, ते लिहून देणं हे माझं काम. आमच्याकडे त्याला पाण्याची पाळी म्हणतात. दोन वाजून दहा मिनिटांची पाळी असेल तर माणूस दोन दहाला बांधावर पाहिजे. नसला तर पाणी पुढच्याच्या रानात. मग तो धावत येऊन "राव, पाचच मिनिटं झाली की" म्हणाला तरी मी कालव्याचं दार फिरवत नाही. अठ्ठावीस वर्षांत वेळेत कधी चूक झाली नाही. लोक म्हणतात, अण्णाच्या घड्याळावर सूर्य लावावा. हे मी फुशारकी म्हणून सांगत नाही. पुढं याचाच उपयोग मी कशासाठी केला, ते कळावं म्हणून सांगतोय.

मुद्द्यावर येतो. नाही — आधी सोनीचं सांगायला हवं.

सोनी ही बबनची मुलगी, एकुलती. बबनला तेराचा पाढा येत नाही, आजही येत नाही. तिला गणित मी शिकवलं, पाचवीपासून बारावीपर्यंत, ड्युटीवरून आल्यावर, हातपाय धुवायच्या आधी. माझा निलेश तेव्हा बाहेर क्रिकेट खेळायचा आणि मी त्याला हाक मारायचो नाही, कारण सोनीला शिकवण्यात जी गोडी होती ती त्याला शिकवण्यात नव्हती. ती इंजिनिअर झाली. परदेशी निघाली तेव्हा गावानं सत्कार केला. माईकवर ती म्हणाली, "मी आज जी काही आहे, ती माझ्या बाबांमुळं." टाळ्या पडल्या. बबन फेट्याचा शेमला तोंडाला लावून रडला. मी तिसऱ्या रांगेत बसलो होतो. माझ्याकडे कुणी बघितलं का? मी बघितलं — कुणी बघत नव्हतं.

एवढ्यानं माणूस जळतो का? जळतो. मला ठाऊक आहे.

पुढं सोनीनं नॉर्वेत तिथल्याच एका मुलाशी लग्न केलं आणि मग फोन करून सांगितलं. बबननं फोन ठेवला आणि शपथ घेतली, तिच्या घराचा उंबरा चढणार नाही. दोन वर्षं बापलेक बोलले नाहीत. खरं सांगू? ती दोन वर्षं मला बरी गेली. सोनीचे मेसेज माझ्या फोनवर यायचे. बबनचा फोन बटनांचा, आणि तसंही तो उचलत नव्हता. मी तिची खुशाली ऐकायचो आणि मंगलला, तिच्या आईला, हळूच सांगायचो.

मग सोनीला मुलगा झाला, आणि बबन विरघळला. पण शपथ? त्यावर मंगलनंच तोड काढली. पुण्याच्या एका टूरवाल्यांची नॉर्वेची सहल होती, मोठ्या जहाजातून. ते जहाज सोनीच्या गावापासून दोन-अडीच तासांवरच्या एका बंदरात एक दिवस थांबणार होतं. "बंदर काय तिच्या घराचा उंबरा हाय व्हय?" मंगल म्हणाली. दोघी बायका रेवसच्या लाँचमध्ये ओकून ओकून बेजार झालेल्या, त्या बोटीचं नाव काढेनात. तेव्हा आम्ही दोघे भाऊच निघालो. मंगलनं बाळंतविडा बांधून दिला — अंगडं, टोपडं, कुंची आणि चांदीचे वाळे. वाळे आजोबानं स्वतःच्या हातानं नातवाच्या पायात घालायचे, अशी आमच्यात रीत आहे. बबननं ती पिशवी विमानात मांडीवर धरली होती, जहाजावर उशाखाली.

त्या गावाचं नाव मला अजून नीट म्हणता येत नाही. सकाळी आठला जहाज लागलं. दोन्ही अंगांना सरळ उभे कडे, त्यांच्यावरून पाणी कोसळतंय. मढच्या पुढं घाटात श्रावणात पडतं तसंच, पण इथं लख्ख उन्हात. खाली हिरवं पाणी, लाकडी चर्च, तांबड्या रंगाच्या बोटींच्या शेडी, गळ्यात घंटा बांधलेल्या मेंढ्या. बबन म्हणाला, "अण्णा, हितं कालवाच नको की रं. तुझी नोकरी गेली." आणि सहलीतली सगळी माणसं हसली. चार दिवसांत तो साऱ्या जहाजाचा बबनभाऊ झाला होता. मी चार दिवस सगळ्यांना जेवणाच्या वेळा सांगत होतो.

सोनी अकराला येणार होती. बाळाला घेऊन, फेरीबोटीनं. आम्हाला साडेचारपर्यंत जहाजावर चढायचं होतं. म्हणजे साडेपाच तास. बबन पावणेदहापासूनच धक्क्यावरच्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसला. दाढी करताना गाल कापला होता, तिथं कागदाचा कपटा तसाच चिकटलेला. मला वाटलं सांगावं. सांगितलं नाही.

अकराला ती आली नाही. अकरा वाजून आठ मिनिटांनी माझ्या फोनवर तिचा मेसेज आला. तो मला पाठ आहे. "अण्णा, सकाळची फेरी रद्द झाली. पुढच्या बोटीनं निघतेय, बरोबर सव्वा एकला पोहोचते. बाबांना थांबवून ठेवा. प्लीज, त्यांना कुठं जाऊ देऊ नका."

मी तो दोनदा वाचला. बाबांना थांबवून ठेवा. म्हणजे मी कोण? धक्क्यावरचा शिपाई? पाढे मी पाठ करून घेतले, दोन वर्षं निरोप मी पोहोचवले. आणि आता बाप लेकीला पोटाशी धरणार, नातवाच्या पायात वाळे घालणार, आणि मी बाजूला उभा राहून फोटो काढणार?

बबननं विचारलं, "कुणाचा रं? सोनीचा का?"

मी म्हणालो, "न्हाई. फोनकंपनीचा हाय."

हेच ते. एवढंच सांगायचं होतं. पण एवढ्यावर ते थांबलं नाही.

पावणेबाराला सहलीची बस डोंगरावर निघाली. मॅनेजर दोन जागा आहेत म्हणत होता. मी बबनला म्हणालो, चल. तो म्हणाला, "थांबू की. पोरगी येईल, लेकुरवाळी हाय." तेव्हा मी माझं हत्यार काढलं. म्हणालो, "बबन, तिला अकराची येळ दिली व्हती. पाळीला माणूस नसला तर काय करतो आपण?" उभ्या जन्मात त्यानं माझ्या वेळेवर शंका घेतली नव्हती. पिशवी काखेत मारून तो बसमध्ये चढला.

मी त्याला ओढत नेलं नाही, असं मी नंतर बरेच दिवस स्वतःला सांगायचो. खोटं आहे ते. अठ्ठावीस वर्षांच्या दोरीनं नेलं.

वर सगळे कड्याच्या कठड्याशी फोटो काढत होते. बबन बर्फाकडे बघत नव्हता, धबधब्याकडे बघत नव्हता. तो खाली धक्क्याकडे बघत होता. आमचं जहाज तिथून काडेपेटीएवढं दिसत होतं. आणि मग कड्याच्या आडून एक लहानशी पांढरी बोट आली. मी घड्याळात बघितलं. सव्वा एकला दोन मिनिटं होती.

"अण्णा, बोट आली बघ," बबन म्हणाला. "कुणी उतरतंय. आपली सोनी नसंल?"

मी म्हणालो, "एवढ्या लांबून काय कळतंय?"

तेव्हा सांगता आलं असतं. खाली टॅक्सीनं चाळीस मिनिटं. दोन वाजता तो तिच्यापुढं उभा असता. हा हिशेब मी तिथल्या तिथं केला, बरोबर केला, फोन बंद केला, आणि कॅमेरा काढला.

बस चारला दहा कमी असताना खाली आली. सोनी त्याच बाकावर बसली होती, पोर छातीशी झोपलेलं. जहाजाची रांग धरता आमच्याकडे वीस मिनिटं उरली होती. मला वाटलं ती मला विचारणार, मेसेज मिळाला नाही का? उत्तरही तयार होतं — नेट नव्हतं. पण तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. का, ते मला फार नंतर उमगलं. मेसेज वाचला की दोन निळ्या खुणा दिसतात. तिला अकरा आठलाच दिसल्या होत्या. म्हणजे निरोप पोहोचला होता. निरोप पोहोचूनही बाप डोंगर बघायला गेला होता.

ती म्हणाली, "बाबा, डोंगर चांगला होता का?"

आणि बबन — सकाळपासून डोळे लावून बसलेला बबन — म्हणाला, "तुला बरा येळ मिळाला आमच्यासाठी."

दोघंही खरं बोलत होते. त्यांच्यामध्ये उभा होतो मी, तोंड उघडलं ते एवढंच सांगायला, की पंधरा मिनिटं राहिली.

बबननं पिशवी पुढं केली. तिनं घेतली, उघडली नाही. पोर झोपेतच राहिलं. आजोबानं त्याच्या कपाळावर एक बोट टेकवलं आणि तो जहाजाच्या दिशेनं चालू लागला. गालावर तो कागदाचा कपटा तसाच होता.

त्याला आता दीड वर्ष झालं. बापलेक पुन्हा बोलत नाहीत, आणि या वेळी मंगलकडेही तोड नाही. बबन पारावर नॉर्वेच्या गमती सांगतो, सोनीचं नाव घेत नाही. सोनी मला लिहिते. त्या रात्रीच तिनं लिहिलं होतं, "अण्णा, तुमचा दोष नाही. त्यांना थांबायचंच नव्हतं." मी त्याला उत्तर दिलं होतं. दोन हात जोडल्याचं चित्र पाठवलं होतं.

पोराचे फोटो माझ्याकडे येतात. पहिला दात, पहिलं पाऊल. बबनला दाखवू नका, असं ती दर वेळी लिहिते, आणि मी दाखवत नाही. हेही सांगून टाकतो — मला ते आवडतं. फोन वाजला की आवडतं.

परवा व्हिडिओ आला. पोर पळतंय लाकडी फरशीवर, आणि पायात चांदीचे वाळे. जरा तंग झालेत, पण तेच. मी आमच्या बांधावर उभा राहून बघत होतो. पलीकडे बबन कांद्याला पाणी देत होता. आवाज ऐकून त्यानं मान वर केली. मग पाण्याकडं बघत म्हणाला, "अण्णा, ते वाळे तरी घातलं असतील का रं तिनं? का दिलं टाकून?"

फोन माझ्या हातात होता.

मी म्हणालो, "काय माहीत." आणि त्याची पाळी संपायला किती मिनिटं उरलीत, ते त्याला सांगितलं.