हळद लागलेला परीक्षार्थी

आबाजी मास्तर सहावीच्या मुलांना शिकवतात कमी आणि सांभाळतात जास्त, असा शेरा एका तपासनिसाने लिहून ठेवला होता. तक्रार म्हणून लिहिलेला तो शेरा मास्तरांना इतका आवडला की ते तो येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचून दाखवत.

कर्जत तालुक्याच्या खालापूर पेठ्यातल्या आमच्या गावच्या मराठी शाळेत ते हेडमास्तर होते आणि मी खालचे वर्ग बघत असे. काळ प्लेगाच्या थोडा आधीचा. सहावी म्हणजे तेव्हा शाळेचं शेवटचं टोक. त्यानंतर मुलकी परीक्षा. ती पास झालेला मुलगा तलाठी होई, कारकून होई, अगदीच नशीब फुटकं असलं तर आमच्यासारखा मास्तर होई. सहावीत बसत ती डोंगराकडच्या वाड्यांतून चालत येणारी, मिसरूड फुटू लागलेली कुणब्यांची पोरं. मास्तर आधी त्यांची तोंडं बघत, मग पाट्या. कोण नुसती पेज पिऊन आला, कोणाचं बापाशी बिनसलं, कोणाला रात्री झोप नाही, हे त्यांना हजेरी घेतानाच कळे. मग भूमिती बाजूला राही आणि पोराला मास्तरांच्या घरी भाकरी मिळे.

भूमितीपेक्षा त्यांना लग्नसराईची धास्ती जास्त. परीक्षा उन्हाळ्यात आणि लग्नंही उन्हाळ्यात. म्हणून सहावीतल्या मुलाची सुपारी फुटायची म्हटलं की मास्तर न बोलावता बैठकीला हजर. मुहूर्त परीक्षेच्या पुढे सरकवल्याशिवाय उठायचे नाहीत. "मास्तर आला, जोशीबुवा, पंचांग मिटू नका," असं लोक म्हणत.

नागूचं लग्नही त्यांनी असंच परीक्षेनंतर आठवड्यावर ढकललं होतं. नागू हा मालोजीचा थोरला मुलगा, आणि त्या साली वर्गातला एकटाच असा, की जो पास होईल यावर मास्तर पैज लावायला तयार होते. लग्न बिनधोक ठरलं, आणि कचेरीने ऐन वेळी परीक्षाच पुढे ढकलली. नव्या तारखेचा कागद गावात आला त्या दिवशी नागूच्या अंगाला हळद लागून गेली होती. परीक्षा उद्या कर्जतला, आणि लग्न परवा.

मास्तर धावत मालोजीच्या मांडवात गेले. मांडवाचा कारभार मालोजीच्या बहिणीकडे, येसूबाईकडे होता.

"आत्याबाई, नागूला उद्या पहाटे कर्जतला न्यायचाय."

"हळदीचा नवरा शीव वलांडत नाय, मास्तर. तुमाला कुणी शिकवलं नाय?"

"एक दिवसाचा तर प्रश्न आहे."

"वारं लागायला येक घटका पुरं. वऱ्हाड असल्याबिगर, कट्यार हातात असल्याबिगर आन् घरचं मानूस बाजूला असल्याबिगर पोर ह्या मांडवातनं हालायचं नाय."

मालोजी हळूच म्हणाला, "पुढल्या साली बसंल की."

"पुढच्या साली तो नांगराला लागलेला असेल," मास्तर म्हणाले, आणि ते खरं होतं, कारण मालोजीने मान खाली घातली. नागू पाटावर पिवळाधमक होऊन बसला होता. त्याचे डोळे भरून आले होते.

मास्तर येसूबाईकडे वळले. मग म्हणाले, "आत्याबाई, नवरी कुठली?"

"कशेळ्याची."

"म्हणजे वऱ्हाड कर्जतवरूनच जाणार. मग एक दिवस आधी निघा. शीव ओलांडेल ती वऱ्हाडाबरोबरच ओलांडेल."

येसूबाईने या तोडग्यात खोट शोधून पाहिली. सापडली नाही. म्हणून तिने मास्तरांना दोन शिव्या घातल्या आणि गाड्या जुंपायला सांगितल्या.

असा नागू परीक्षेला सनई-ताशासकट पोचला. कपाळाला मुंडावळ्या, हातात कट्यार, कट्यारीच्या टोकाला लिंबू. परीक्षक दारात उभे होते. ते कट्यारीकडे बघून म्हणाले, "हत्यार घेऊन आत बसता येणार नाही."

"मंग मी धरत्ये," येसूबाई म्हणाली. "न्हाय तरी मी बाजूला बसनारच हाय."

"बाई, आत दुसऱ्या माणसाला बंदी आहे. कोणी उत्तरं सांगितली तर?"

"मी? रावसायेब, मला काळं का पांढरं येवढंच कळतंय."

परीक्षक कसोशीचे गृहस्थ होते. त्यांनी छापील कागद तिच्यापुढे धरला. "हे काय आहे, सांगा."

"मुंग्या."

तेवढ्यावर तिला आत सोडलं. अक्षर येत नाही म्हणून परीक्षेला बसू दिलेली त्या तालुक्यातली बहुधा ती पहिलीच. आम्हा दोघा मास्तरांना मात्र, अक्षर येत असल्यामुळे, बाहेर आंब्याखाली बसावं लागलं.

आतलं मला नंतर मुलांनी सांगितलं. हिशेबाच्या गणितापाशी नागू अडला, टाक खाली ठेवून उठायला लागला. येसूबाईने कट्यार मांडीवर ठेवली, त्याचा खांदा दाबला, पदराच्या गाठीतला गूळ त्याच्या तोंडात घातला आणि म्हणाली, "बस रं. उद्या नवरीम्होरं पन असाच पळनार हायस का?" सगळा वर्ग हसला. नागूही हसला. परीक्षकांनी खिडकीबाहेर पाहिलं. मग नागूने टाक उचलला.

निकाल लागला तेव्हा आमच्या शाळेतून नागू पास झाला. बाकी सगळे, म्हणजे बिनलग्नाचे, नापास.

दुसऱ्या साली सहावीत चौघं होती आणि चौघांच्याही बापांनी हळद परीक्षेच्या आदल्या दिवसाची धरली. मास्तर घरोघर फिरले. "अहो, नागू अभ्यासाने पास झाला!"

"बाकीच्यांचा अभ्यास कुनी घेतला व्हता?" येसूबाईने विचारलं.

"मीच."

"मंग?"

मास्तरांनी गाड्या ठरवल्या. ते चार नवरदेव घेऊन कर्जतला गेले, आणि चौघांतले तिघे पास झाले, त्यामुळे पुढे बोलायची सोयच उरली नाही. चौथ्याची, कमळ्याची, हळद घरची नव्हती, बाजारातून आणलेली होती, असं गावात ठरलं.

कमळ्याला मास्तरांनी वर्षभर आपल्या घरी ठेवून घेतलं. पहाटे उठवलं, वेळेवर जेवू घातलं, रात्री दिवा मालवून झोपवलं, बायकोची आठवण आली की दोन दिवस घरी जाऊ दिलं. लग्न होऊन गेलेलं, तेव्हा पुन्हा हळदीचा प्रश्न नव्हता. तो एकटाच कर्जतला चालत गेला आणि पास झाला. गावात त्याबद्दल कोणी काही बोललं नाही.